खरपुडीचा कंडक्टर

आमचे शेजारी नाना शेळ्यांवर शिट्टी वाजवतात. साधीसुधी शीळ नव्हे, एसटी मागे घेताना कंडक्टर वाजवतो ती खरीखुरी शिट्टी. एखाद्या शेळीने माळावरच्या ठरावीक गवतात तोंड घातलं की शिट्टी होते आणि पाठोपाठ हुकूम सुटतो, "मागं सरका, मागं! पुढं जागा न्हाई!" शेळ्या दचकून खरंच मागे सरकतात. आमच्या गावात माणसंसुद्धा एवढं ऐकत नाहीत.

नानांची उभी हयात एसटीत गेली. रिटायर झाले तरी घंटीची दोरी काही हातून सुटली नाही. चहा संपला की "टिंग टिंग" म्हणून उठतात. कुणी फार वेळ बोलत बसला की "शेवटचा स्टॉप, उतरा," म्हणून मोकळे होतात. मी गावचा मास्तर, घराला घर लागून, त्यामुळे मला रोज एकदा तरी उतरवलं जातं.

त्यांचा सगळा जीव अडकलाय तो खरपुडीत. पारनेरच्या आमच्या माळावर पावसाळ्यात उगवणारा हा नाजूक वेल. फूल हिरवट-जांभळं, बुडाशी फुगीर, वर निमुळतं, थेट छोटा कंदील. मागे एका कॉलेजातल्या बाई ते बघायला आल्या. म्हणाल्या, ही जात आता धोक्यात आहे. माळ असेच खणले, कंद असेच उकरून खाल्ले, तर लवकरच कुठे दिसायची नाही. माशी या फुलात शिरली की रात्रभर आतच अडकते आणि सकाळी सुटते, हेही त्यांनी सांगितलं. नाना खूश झाले. "मुक्कामी गाडी हाय म्हना की!"

मग त्यांनी विचारलं, "म्हंजे हे झाड राखीव?"

"असायला हवं. पण अजून नाही," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी माळावरच्या मोठ्या दगडावर पांढऱ्या रंगात अक्षरं उमटली : राखीव. कुणासाठी ते लिहिलं नव्हतं, त्यामुळे गावाला महिनाभर विषय मिळाला. कुणी म्हणे महिलांसाठी, कुणी म्हणे आमदारांसाठी.

रस्त्याच्या मुरुमासाठी अर्धा माळ तोवर खरवडून झाला होता. एके सकाळी जेसीबी थेट दगडापाशी आला. नाना समोर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसलेले. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. नाना उठले, त्याच्या मागच्या बाजूला गेले आणि शिट्टी वाजवत हात हलवू लागले, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या..." तो बिचारा सवयीने मागे मागे जात पार रस्त्यावर पोचला. त्या दिवसापुरता माळ वाचला.

सरपंचांनी सोपी युक्ती सुचवली होती. "नाना, त्या दगडाला शेंदूर फासा. कोन हात लावतंय बघू!"

"आमच्या घरात पंचशील म्हनत्यात, सरपंच. खोटं बोलायचं न्हाई. मग खोटा देव कसा बसवू?" नाना म्हणाले आणि पुन्हा खुर्चीत बसले.

एकदा मला म्हणाले, "खरं सांगू का गुरुजी, हिचा वंश आमीच खाल्ला. ल्हानपनी दुष्काळात शेळ्यांमागं हिंडायचो. आक्का काठीनं हिचा कांदा उकरायची, सोलून मला द्यायची. तिला सोताला न्हाई आवडायचा. पांचट लागतो म्हनायची."

यंदा भाद्रपदात या थोरल्या आक्का मिरजगावहून चार दिवस माहेरी आल्या. आताशा त्यांना कशाचंच ध्यान राहत नाही. मला त्यांनी दोनदा तलाठी केलं. नाना त्यांना फुलं दाखवायला हाताला धरून माळावर घेऊन गेले. सोबत मी. यंदा वेल अगदी मोजकेच उरले होते.

आक्कांनी फुलांकडे बघितलंसुद्धा नाही. पानं मात्र ओळखली. मटकन खाली बसल्या, नानांच्या हातातली काठी ओढून घेतली आणि भराभरा उकरायला लागल्या.

"थांब रं जरा. भूक लागली आसंल तुला."

मी नानांकडे पाहिलं. शिट्टी ओठांत धरलेली होती. वाजली नाही.

आक्कांनी सुपारीएवढा कंद काढला, पदराला पुसला, नखाने सोलला आणि नानांपुढे धरला.

"तू खा, आक्का."

"मला न्हाई आवडत. पांचट लागतो."

"माजं पोट भरलंय आज," नाना म्हणाले. सकाळपासून चहाशिवाय त्यांच्या पोटात काही नव्हतं, हे मला ठाऊक होतं. त्यांनी तो कंद आक्कांच्या तोंडात घातला.

आक्का बोळक्या तोंडाने चघळत राहिल्या. हळूहळू चेहरा लहान पोरीसारखा झाला.

"लई गोड हाय की रं," त्या म्हणाल्या. "हाय का आजून?"

नानांनी उकरलेल्या खड्ड्यात माती लोटली.

"हाय की," ते म्हणाले. "तुज्यासाठी राखून ठिवलाय. फुडल्या साली ये."