पावण्यांचं पाणी

भूपालअण्णांच्या तोंडात दात चार आणि घरात दात घासायचे ब्रश एकोणीस. मी मोजलेत. मोरीच्या कोनाड्यात, कान तुटलेल्या मगात ते उभे असतात. कुणाची मान मेणबत्तीवर तापवून वाकवलेली, कुणाला बांबूची काडी बांधून लांब केलेलं. त्यातला एकही अण्णांच्या तोंडाला लागलेला नाही. रोज सकाळी साडेसातला अण्णा बनियनवर उभे राहतात, खांद्यापर्यंत हात काचेच्या टाकीत घालतात आणि समुद्रातल्या दगडांवरचं शेवाळ घासायला लागतात.

घासताना त्याच्याशी बोलतातही. "काल तर काढलंतं की रं तुला! परत आलास? लाज कशी वाटत न्हाय?"

अण्णा म्हणजे भूपाल मगदूम. शिवाजी पेठेत आमच्या समोरच्या घरात तळमजल्यावर एकटेच राहतात. उभी नोकरी पाण्याच्या खात्यात गेली. शहराला जाणारं पाणी तपासायचं, तुरटी किती, क्लोरीन किती ते ठरवायचं. लग्न राहून गेलं. कुणी विचारलं तर सांगतात, "पोरगी बघायला जायचं ठरलं की नेमका पूर यायचा. पाणी सोडून जाणार कसं?" दर वेळी पूरच कसा, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "एकदा न्हवता. तवा पोरगीच नको म्हणाली."

अशा माणसाच्या घरी समुद्र आला तो निवृत्तीनंतर. पुतण्याच्या साखरपुड्याला अण्णा एका हॉटेलात गेले होते. हॉलच्या कोपऱ्यात खाऱ्या पाण्याची मोठी टाकी होती. पंगत बासुंदीवर आली तरी अण्णा टाकीपाशीच. मॅनेजरला म्हणाले, "ह्या पाण्याकडं बघतंय कोण?" मॅनेजर म्हणाला, कोणीच नाही, पुढच्या आठवड्यात काढून टाकणार आहोत. सोमवारी आमच्या गल्लीत टेम्पो उभा राहिला. टाकी, पिंपात बुडवलेले दगड, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे, मूठभर गोगलगायी, तांबड्या पट्ट्यांची एक कोळंबी आणि दिव्याखाली फुलासारखी उमलणारी तळहाताएवढी चार प्रवाळं.

"अण्णा, जैनाच्या घरात मासं! रस्सा कधी?" शेजारच्या शालनवहिनींनी गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं.

"पावणं हाईत ती," अण्णा तेवढ्याच जोरात म्हणाले. "तुमच्यात पावण्यांचा रस्सा करत्यात व्हय?"

तेव्हापासून ते सगळे पावणेच झाले. पावण्यांचं पाणी, पावण्यांचा दिवा, पावण्यांची झोपायची वेळ. नोकरीतली सवय म्हणून अण्णांनी दाराबाहेर एक फळाही टांगला. त्यावर रोज खडूनं लिहायचं: मीठ बरोबर, उष्णता बरोबर, शेवाळ वाढते आहे, परिस्थिती नियंत्रणात. एकदा त्यांनी लिहिलं, "आज पाणी बदलणार. वेळ सायंकाळी सहा." अण्णा पाण्याच्या खात्यातले, आणि आदल्या दिवशी नळाला धार बारीक होती. सहाच्या ठोक्याला त्यांच्या दारात कळश्या, बादल्या आणि दोन पिंपं रांगेत लागली. अण्णा टाकीतलं जुनं पाणी उपसून बाहेर आले आणि रांग बघून त्यांना गहिवरून आलं. पावण्यांचं जुनं पाणी वाहून न्यायला गल्ली धावून आली, असं त्यांना वाटलं. पहिल्या कळशीत त्यांनी बादलीभर खारं पाणी ओतलंसुद्धा. कळशी शालनवहिनींची होती.

शेवाळाचं कारण अण्णांना पक्कं ठाऊक होतं. टाकीत खाणं जास्त पडलं की ते कुजतं, पाण्यात खत होतं आणि शेवाळ माजतं. मी एका हायस्कुलात विज्ञान शिकवते, त्यामुळे हे मी त्यांना वरचेवर समजावूनही सांगत असे. त्यांनी नळाचं पाणी बंद करून गाळलेलं पाणी आणलं. ते आणताना मान खाली होती. "नळाचं पाणी माणसाला झकास हाय, बाई," ते म्हणाले, "पण पावण्यांना न्हाय सोसत." दिव्याचे तास कमी केले. गोगलगायी वाढवल्या. खाणं मात्र कमी होईना. दिवसाला एक चिमूट ठरलेली. अण्णा सकाळी एक चिमूट टाकत. मग मासे काचेशी येऊन तोंडाचा चंबू करत.

"बघा की. भूक लागलीया."

"अण्णा, मासे नेहमीच असं करतात."

"मग नेहमीच भूक लागत असणार."

आणि दुसरी चिमूट पडायची. पावण्याला एकदा वाढून भागतं का, असं वर मलाच विचारायचे. मग पंधरा दिवसांत दगडांवर हिरवे केस उगवायचे आणि अण्णा ब्रश घेऊन उभे.

शाळेतून येताना मी रोज त्यांच्याकडे डोकावत असे. अण्णा चहा टाकत, काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात थेंब घालत, रंग बदलला की तक्त्याशी जुळवून बघत. मी मास्तरकीच्या थाटात सल्ला देत असे. खरं सांगायचं तर तो थाट मला आवडायचा. इतका पाण्यातला दर्दी माणूस माझ्यापुढं मान हलवतो, ह्याचं मला सुख होतं. पुढचं सगळं त्या सुखातूनच घडलं, म्हणून ते आधी कबूल करते.

यंदाच्या पावसाळ्याच्या तोंडाला अण्णांची थोरली बहीण शिरोळला घरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. अण्णांना पाच दिवस जाणं भाग होतं. त्यांनी घर माझ्यावर सोपवलं आणि दोन पानांची सूचना लिहून दिली. माशांचं खाणं किती वाजता, दिवा किती वाजता, पाणी आटलं तर भर कुठून घालायची. शेवटची ओळ होती, "याव्यतिरिक्त काहीही करू नये." तिच्याखाली दोन रेघा.

त्या दोन रेघांचा मला राग आला. विज्ञानाच्या बाईला रेघा?

तिसऱ्या दिवशी शेवाळ बोटभर लांब झालं होतं. माझं माहेर कोडोलीचं. विहिरीला शेवाळ धरलं की वडील फडक्यात मोरचूद बांधून पाण्यात सोडत. दोन दिवसांत विहीर निवळायची. मला वाटलं, अण्णा परत येतील, टाकी आरशासारखी दिसेल, आणि ते म्हणतील, बाई, हे कसं काय केलंत? शाळेच्या प्रयोगशाळेतल्या बाटलीतून मी मोरचुदाचे चार निळे खडे कागदात बांधून आणले. विचारलं कुणालाच नाही. फडक्यात घालून पुरचुंडी पाण्यात सोडली, आणि उद्या काय होतंय ते बघायच्या उत्सुकतेत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना दार उघडलं तर वास आला. गोगलगायी वाळूत उताण्या पडल्या होत्या. कोळंबी कोपऱ्यात एका अंगावर. प्रवाळं आकसून, पांढरट चिकट पाणी सोडत होती. दोन्ही मासे वरच्या बाजूला धापा टाकत होते. शेवाळ तेवढं हिरवंगार डुलत होतं.

मोरचूद म्हणजे तांबं. समुद्रातल्या असल्या जिवांना तांब्याचा कणही सोसत नाही, हे मी नंतर वाचलं. आधी वाचायला हवं होतं. त्याआधी अण्णांना एक फोन करायला हवा होता. मी तेही केलं नाही. पुरचुंडी काढली, मोरचुदाचा कागद फाडून मोरीत टाकला, गाळलेल्या पाण्यात मीठ कालवून जमेल तेवढं पाणी बदललं आणि शाळेत जाऊन सातवीला पेशीरचना शिकवली.

अण्णा आले तेव्हा मी दारातच होते. ते टाकीपुढं उभे राहिले. पिशवी हातातच होती.

"परवा दुपारी लाईट गेली होती," मी म्हणाले. "बराच वेळ. हवेचा पंप बंद पडला असणार."

परवा लाईट गेली नव्हती. हे गल्लीतल्या कुणालाही विचारलं असतं तर कळलं असतं. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं नाही. पाण्यात बोट बुडवलं, नाकाशी नेलं.

"असंल," ते म्हणाले. मग पिशवी खाली ठेवत, "तुमी जावा, बाई. दमला असाल."

आठवड्याभरात शालनवहिनी जिन्यात भेटल्या. "ऐकलंसा का? अण्णांनीच घात केला म्हणं. गडबडीत तांब्याच्या घागरीनं पाणी घातलं जाताना. तांबं उतरलं. सगळ्या गल्लीला सांगत सुटल्यात, माझीच चूक, म्हातारपण, म्हणून."

मी पिशवी पायरीवर टेकवली. अण्णांच्या घरात तांब्याची घागर नाही. म्हणजे त्यांनी पाणी तपासलं होतं. तांबं सापडलं होतं. घरात दुसरं कोण गेलं होतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. ज्या माणसानं आयुष्यभर एका शहराचं पाणी चुकू दिलं नाही, तो दारोदार सांगत होता की मला पाण्यातलं कळेनासं झालंय.

मी तेव्हाच जाऊन सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी शाळेतून यायचा रस्ता बदलला. तालमीच्या मागून, लांबच्या बोळातून घरी यायला लागले. दारावरचा फळा लांबून दिसायचा. कोरा. घरात नवऱ्यानं विचारलं, हल्ली अण्णांकडं जात नाहीस? मी म्हटलं, पेपर तपासायचे आहेत. जूनमध्ये कसले पेपर, असं त्यानं विचारलं नाही, हे नशीब.

भाद्रपदात अण्णांचं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व संपलं. जैनांच्यात पर्व संपलं की क्षमा मागायची रीत. दर वर्षी अण्णा धुवट कपडे घालून गल्लीतल्या प्रत्येक घरी जातात, हात जोडतात आणि वर्षभरातल्या चुकांची माफी मागतात. आम्ही सगळे म्हणतो, अहो अण्णा, तुमचं काय चुकणार? आणि चहा देतो. यंदा जिन्यात त्यांची पावलं वाजली तेव्हा मी आतल्या खोलीत जायला उठले होते. दार उघडंच होतं.

अण्णा उंबऱ्यात उभे राहिले. हात जोडले.

"वर्षभरात माझ्याकडनं तुमचं मन दुखावलं असंल, तर क्षमा करा, बाई."

मला दरवर्षीचं वाक्य बोलता येईना. एकदम तोंडातून निघालं, "अण्णा, मोरचूद मी घातलं."

"व्हय," ते म्हणाले. "कळलंतं मला."

"मग स्वतःचं नाव कशाला घेतलंत?"

"तुमी शाळंत शिकवता. पोरांच्या कानावर गेलं असतं. मला काय, मी रिटायर हाय." ते खुर्चीच्या कडेला टेकले. "आणि आज मी रीत म्हणून आलो न्हाय. खरंच माफी मागायला आलोय. पाच दिवस दुसऱ्याच्या जिवाला घोर लावून गेलो. वर रेघा मारल्या. तुमाला राग आला असणार."

"अण्णा, पुरे."

"न्हाय, बोलू द्या. गोगलगायी गेल्या, प्रवाळ गेलं, वाईट वाटलं. दगड सगळे टाकून दिले, तांबं मुरतंय त्यात. पर मासं जगल्यात. टबात ठेवल्यात. ते एक सोसलं." त्यांनी कपाळावरून हात फिरवला. "तुमी यायच्या बंद झाला, ते न्हाय सोसलं. पाचला दोन कप पाणी ठेवायचो आणि एक कप वतून टाकायचो. दोनदा तुमच्या जिन्यापर्यंत आलो. म्हटलं, वर गेलो तर बाईंना वाटंल, हिशेब मागायला आला. परत गेलो."

मी पदर डोळ्यांना लावला. माफी मागायची पाळी माझी होती. ती मी मागितली, पण कशी, कोणत्या शब्दांत, ते मला आठवत नाही. अण्णा म्हणाले, "झालं की आता. कुणाला सांगत बसू नका. मी सांगितलंय ते सांगितलंय."

चहा घेऊन ते पुढच्या घरी हात जोडायला गेले.

त्यांनी सांगू नका म्हटलं होतं, तरी मला राहवेना. त्यांच्या नावाला मी लावलेला डाग मीच पुसायला हवा होता. संध्याकाळी शालनवहिनी धान्य निवडत बसल्या होत्या. मी त्यांच्यापुढं बसून सगळं सांगितलं. मोरचूद, लाईटची थाप, सगळं.

त्यांनी सुपातून मान वर केली नाही.

"आमास्नी ठाऊक हाय की," त्या म्हणाल्या. "पयल्या दिवसापासनं. अण्णा आणि पाण्यात चुकंल व्हय? गल्लीत एकाचाबी इस्वास बसला न्हाय. पर म्हातारा एवढं जीव तोडून सांगतोय, तर ऐकून घ्यायचं. सगळ्यांनी ठरवलंय, बाईंपुढं विषय काढायचा न्हाय."

म्हणजे तीन महिने मी तालमीमागच्या बोळातून तोंड लपवत फिरत होते, आणि ज्यांच्यापासून लपवत होते ते सगळे मला सांभाळून घेत होते. दूधवाला, शालनवहिनी, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, सगळे. त्या दिवशी जिना चढताना मला प्रत्येक उघड्या दाराची लाज वाटली.

आता मी पुन्हा पाचला अण्णांकडं जाते. सल्ला देत नाही. नवे दगड आलेत, मासे टबातून टाकीत गेलेत. गल्लीला सगळं ठाऊक आहे, हे मी अण्णांना सांगितलेलं नाही. परवा कुणाच्या तरी तोंडून चुकून त्यांच्यासमोर तांब्याच्या घागरीचं नाव निघालं, तेव्हा त्यांनी चटकन माझ्याकडं बघितलं आणि मोठ्यानं म्हणाले, "माझीच चूक हो ती!" मग बशी तोंडाला लावून समाधानानं चहा प्यायले. बाईंची अब्रू आपण राखली, असं त्यांना वाटतंय. मी खाली मान घालून माझा कप उचलला.