दुसरा गजानन

आमच्या शेजारी राहणारे गजानन इंगळे दुसऱ्याचं पार्सल स्वतःच्या सहीनं उतरवून घेतात, वेळ पडली तर पदरचे पैसे भरतात, आणि मग ज्याचं असेल त्याला शोधत लुनावरून तालुकाभर हिंडतात. अट एकच. पार्सलवर 'गजानन' हे नाव पाहिजे. आडनाव काहीही चालतं.

"गजाभौ, अहो, हे गजानन शेळके आहे," मी एकदा खोक्यावरच्या नावावर बोट ठेवून म्हणालो.

"नाव जुळलं ना, गुर्जी?"

"नाव जुळलं, पण..."

"मंग झालं. आडनाव काय, ते तं बापाचं असते."

आता आमच्या जिल्ह्यात गजानन हे नाव किती आहे, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. बुलडाण्याच्या स्टँडवर उभं राहून "ओ गजाननराव" अशी हाक मारून बघा. गाडीतली निम्मी डोकी खिडकीबाहेर येतात, आणि मागच्या दारातून कंडक्टरही "काय म्हनता?" विचारतो. आमच्या देऊळघाटात तर गजाननांना ओळखायला उंच, बुटका, टेलर, पाणीवाला अशी विशेषणं लावावी लागतात. ही विशेषणं पार्सलवर छापलेली नसतात. तिथं असतं, 'गजानन, शाळेच्या मागे.' आमच्या शाळेच्या मागे अर्धं गाव आहे.

गजाभौंना हा नाद लागला तो एका फवारणीच्या पंपामुळे.

बीटी कापूस नवा होता तेव्हा अळी गेली म्हणून गावात आनंद होता. पुढे अळीनं बीटी पचवायला शिकून घेतलं. त्या साली गुलाबी बोंडअळी अशी पडली, की बोंड वरून गुबगुबीत आणि आत सगळं किडलेलं. गजाभौंचा जुना हातपंप ऐन फवारणीत फुटला. कुणीतरी त्यांना मोबाइलवर जाहिरात दाखवली. बॅटरीचा पंप, अर्ध्या किमतीत, घरपोच. पैसे आधी भरायचे. गजाभौंनी भरले.

आठवड्यानं खोकं आलं. ते फोडायला त्यांनी मला बोलावलं. आत लाल रंगाचे, चाकं लावलेले बूट निघाले. जमिनीवर टेकवले की चाकांत हिरवे दिवे लागायचे.

मी म्हटलं, "गजाभौ, तुम्हाला फसवलं."

"फसवलं नाई, गुर्जी. चुकामूक झाली."

"अहो, पंपाच्या जागी स्केटिंगचे बूट?"

"तेच तं म्हनतो मी. कुठीसा दुसरा गजानन असन. त्याच्या पोराले हे बूट पाह्यजे होते. आन माहा पंप त्याच्या घरी गेला. तो पोट्टा बिचारा पंप पाठीले लावून रडून राह्यला असन."

मी त्या कंपनीचा नंबर लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं एक बाई गोड आवाजात सांगत होती. गजाभौंनी फोन माझ्या हातातून घेतला, तिचं पूर्ण ऐकून घेतलं, आणि "ठीक हाय ताई, सवडीनं पाहा," म्हणून ठेवून दिला. फसवणूक हा शब्द त्या माणसाच्या शब्दकोशातच नव्हता. कपाशीचं वाटोळं झालं ते झालंच. पण बियाणं बोगस निघालं तेव्हाही गजाभौ म्हणाले होते, "थैल्याची चुकामूक झाली असन."

तेव्हापासून त्यांनी ठरवलं, की आपल्या नावाचं एकही पार्सल वाऱ्यावर जाऊ द्यायचं नाही. आपला पंप कुण्या गजाननाकडे अडकला असेल, तर त्याचं काही आपल्याकडे अडकता कामा नये. पार्सल आणणारा आसिफ गल्लोगल्ली पत्ता विचारून वैतागलेला असायचा. त्याला तर देवच भेटला. खोक्यावर गजानन दिसला की तो सरळ आमच्या गल्लीत वळायचा.

गजाभौ एकटेच राहतात. दोघं भाऊ शहरात गेले, शेती यांच्याकडे राहिली. भाव वाढेल म्हणून कापूस विकायचा थांबलेला असतो, आणि तो घरातच असतो. पुढची खोली आढ्यापर्यंत भरलेली. पाहुणा आला की गजाभौ "बसा" म्हणतात. पाहुणा बसतो आणि दिसेनासा होतो. कापसातून नुसता त्याचा आवाज येत राहतो. मी तिथं चहा प्यायलो, की शाळेत पोरं माझ्या पाठीवरची रुई वेचत बसतात.

अशाच एका दुपारी त्यांचा फोन वाजला. समोरचा माणूस हिंदीत बोलत होता. गजाभौंनी आवाज मोठा केलेला, त्यामुळे मलाही सगळं ऐकू येत होतं.

"सर, आपका पार्सल रुका हुआ है. आपके मोबाइल पे एक नंबर आएगा, वो बताइए."

मी हातवारे करून "नका, नका" म्हणत होतो. पण कापसात बुडालेल्या माणसाचे हातवारे दिसत नाहीत.

"कौनसा गजानन होना तुमको?" गजाभौंनी विचारलं.

"गजानन इंगले, सर."

"इंगळे भी बहुत है इधर. एक तो लंगडता है. वो होना क्या?"

"नहीं सर, आप. आप ही चाहिए."

"मैं कैसा मानू? बाप का नाम बताव."

समोर कागद चाळल्याचा आवाज आला. बापाचं नाव त्यात नसावं.

"बिना बाप के नाम के मैं दूसरे गजानन का पार्सल कैसा छुडाव? कल को उसने पूछा तो? अच्छा, तुम किधर के? तुम्हारे इधर पानी आया क्या?"

"नहीं आया," तो माणूस गाफिलपणे बोलून गेला.

मग बराच वेळ त्याच्याकडच्या पावसाची, पेरणीची आणि म्हशीची चौकशी झाली. म्हैस आटली होती. गजाभौंनी तिला काय चारायचं ते सांगितलं. ज्या नंबरासाठी फोन आला होता तो मोबाइलवर येऊन शिळा झाला. शेवटी त्या माणसाचा आवाज अगदी बदलला. "चाचा, रखता हूँ," तो म्हणाला, "और सुनो, वो नंबर किसी को मत बताना. जमाना खराब है."

दुसऱ्या दिवशी गजाभौंनी म्हशीची तब्येत विचारायला उलट फोन लावला. लागला नाही. दोन-तीन दिवस ते लावत राहिले.

"मानूस बोलाले चांगला होता," ते म्हणाले.

या नादापायी गावात घोटाळे झाले नाहीत असं नाही. त्या शेळक्यांच्या खोक्याचंच घ्या. वरचं इंग्रजी मी वाचून दाखवलं. पुरुषांचा केसांचा टोप होता. शेळके म्हणजे नदीपलीकडच्या वस्तीवरचा कापूसवाला तरुण. वय वाढत चाललेलं, शेतकऱ्याला मुलगी कोणी देईना, त्यात डोक्यावरचं पीकही गेलेलं. गजाभौ पोचले तेव्हा नेमके त्याच्या घरी मुलीकडचे लोक मुलीसकट घर पाहायला आले होते. शेळके डोक्याला टॉवेल गुंडाळून बसला होता. ऊन लागलंय, असं त्यानं सांगितलं होतं.

गजाभौंनी लुना दारात लावली आणि आनंदानं आरोळी दिली, "गजाननराव, तुमचे केस आले हो!"

मंडळी चहाचे कप तसेच धरून बसली. शेळक्याला वाटलं, जमीन फाटावी. पण आतून मुलगी अशी काही हसली, की तिच्या बापालाही हसू आवरेना. "लग्नाच्या आंधीच कयलं, ते बरं झालं," ती आईला म्हणाली म्हणे. ते लग्न झालं. शेळके अजूनही गजाभौंशी बोलत नाही. त्याची बायको मात्र सणाला पुरणपोळ्या पाठवते.

मग एकदा नावासकट आडनावही जुळलेलं खोकं आलं. गजानन इंगळे. पत्त्यात देऊळघाट लिहिलेलं, पण त्याच्या आधी बारीक अक्षरात धामणवाडी. आमच्याच पोस्टाखाली येणारं, डोंगराच्या पायथ्याचं लहानसं गाव. लुनाचा प्लग गेला होता, म्हणून मी माझ्या गाडीवर गजाभौंना घेऊन गेलो.

एक म्हातारी ओट्यावर बसून शेंगा फोडत होती. कौसाबाई तिचं नाव, हे नंतर कळलं. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला.

"कोन हाय?" तिनं विचारलं.

"गजानन इंगळे," गजाभौ सवयीनं म्हणाले.

म्हातारी भिंतीला धरून उठली. शेंगा ओट्यावर सांडल्या. "आला का रे बापू? ना फोन, ना काई. आन इतका वायला काऊन? जेवत नाईस का?"

गजाभौ खोकं हातात घेऊन उभेच राहिले.

"मी तो नाई, माय," ते हळूच म्हणाले. "मी दुसरा. देऊळघाटचा."

म्हातारीनं जवळ येऊन त्यांच्या चेहऱ्यापुढे चेहरा नेला. मग म्हणाली, "दुसरा तं दुसरा. उन्हाचा आला. भाकर खाऊन जाय."

तिचा गजानन बोंडअळीच्या सालानंतर शेती सोडून पुण्याकडे कुठल्याशा कारखान्यात लागला होता. सुट्टी मिळत नाही, म्हणून मोबाइलवरून आईसाठी काहीबाही मागवायचा, आणि मोबाइलमध्ये स्वतःचंच नाव असल्यानं पार्सलवरही तेच यायचं. त्या खोक्यात गुडघ्याला घालायचे पट्टे होते. म्हातारीनं ते कोपरावर चढवले. गजाभौंनी पायजमा वर करून स्वतःच्या गुडघ्यावर एक घालून दाखवला, आणि अंगणात दोन चकरा मारल्या. "असं चालाचं, माय." म्हातारी इतकी हसली, की तिला ठसका लागला.

त्यानंतर धामणवाडीचं पार्सल दर महिना-दीड महिन्याला येऊ लागलं. कधी चपला, कधी बॅटरी, कधी गरम पाण्याची पिशवी. बाकी गजाननांची खोकी गजाभौ आहे त्या कपड्यांवर देऊन यायचे. धामणवाडीला जायचं म्हटलं की इस्त्रीचा सदरा निघायचा. येताना लुनाला वांगी नाहीतर शेंगा अडकवलेल्या असत. गेल्या हिवाळ्यात त्यांनी म्हातारीला बुलडाण्याला नेऊन तिचे डोळे करून आणले. पट्टी सुटल्यावर तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "माह्या गजाननपेक्षा तू काया हायेस." आपण जास्त काळे ठरलो, हे गजाभौ सगळ्या गल्लीला सांगत होते.

परवा मी शाळेतून आलो, तर आसिफ गाडी उभी करून आमच्या ओट्याच्या सावलीत पाणी पीत होता. मांडीवर धामणवाडीचं खोकं. मी सहज ते हातात घेतलं. पत्ता स्वच्छ होता. धामणवाडी, वेशीजवळ, कौसाबाई इंगळे यांचे घर. देऊळघाटचा कुठं उल्लेखही नाही. गजानन हे नावसुद्धा नाही.

"आसिफ, हे तर चुकलेलं नाही. मग इकडे कसं?"

आसिफनं गजाभौंच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "सर, पत्ता तं तिच्या पोरानं कवाच दुरुस्त केला. दिवाळीच्याही आंधी."

"मग?"

"गजाभौंनीच सांगतलं. म्हने, धामनवाडीचा रस्ता खराब हाय, तू कायले गाडी खराब करतं? माह्याकडे टाकत जाय, मी नेऊन देतो. आन गुर्जीले सांगू नको म्हने."

"आणि कौसाबाई? तिला नाही कळलं?"

आसिफ हसला. "एक डाव मी डायरेक्ट घेऊन गेल्तो, सर. बुढी माह्यावरच चिडली. म्हने, पोरानं फोन केल्ता, मले मालूम हाय पत्ता बरोबर हाय. पन तू इकडे आनू नको बाबा. तिकडूनच येऊ दे. आन गजाभौले सांगू नको म्हने." त्यानं पेला पालथा ठेवला. "मी कोनालेच काई सांगत नाई, सर. तुमाले म्हनून सांगतलं."

तेवढ्यात दार वाजलं. गजाभौ बाहेर आले, केसांना कापूस चिकटलेला. खोकं माझ्या हातात पाहून त्यांनी कपाळावर हात मारला.

"पाहा गुर्जी, पुन्हा चुकले हे लोक! आता सारी दुपार माही धामनवाडीत."

मी खोकं त्यांच्या हातात दिलं. पत्त्याची बाजू खाली राहील अशी काळजी घेतली.

"काय करणार, गजाभौ," मी म्हटलं. "कुणीतरी जायलाच पाहिजे."

"तेच तं," म्हणत ते सदरा बदलायला आत गेले.