एक हँडल राहिलं आहे

समस्त नातेवाईक, शेजारी आणि आमच्या घराची उगाच काळजी वाहणारे हितचिंतक यांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमच्या नव्या स्वयंपाकघराचे काम पूर्ण झाले आहे. फक्त एक हँडल राहिलं आहे.

हे निवेदन मी होळीपासून करतो आहे. त्याचं कारण श्रावणजी मिस्त्री.

साठी उलटलेले श्रावणजी घरात शिरले की माणसांकडे पाहत नाहीत. थेट ओट्याखालच्या कपाटाशी उकिडवे बसतात, दारावर टकटक करतात, कान लावतात आणि विचारतात, "काय म्हणते?" हा प्रश्न कपाटाला असतो. तिकडचं समाधान झालं की मग आमच्याकडे वळून, "तुमचं बरं हाय नं?"

काम मात्र चोख. ओट्याची उंची ठरवायला त्यांनी माझ्या बायकोला, सुनंदाला, रिकाम्या खोलीत उभं करून हवेत पोळ्या लाटायला लावल्या. थोडा वेळ पाहून म्हणाले, "ताई, तुम्ही जोर नाही लावून राहिल्या. पीठ घट्ट हाय असं समजा." मग मला हवेत भांडी घासायला लावली. माझा हात पाहून खूश झाले. "साहेबाले सवय हाय."

कपाटं झाली, फळ्या झाल्या, ओट्यावर काळा दगड बसला. ओट्याखालच्या त्या मसाल्याच्या कपाटाचं हँडल तेवढं त्यांनी लावलं नाही.

"काहून?" सुनंदाने विचारलं.

"लाकडाले घर समजू द्या, ताई. उन्हाळ्यात कूलर लागला की दार फुगते."

कूलर लागला. दार फुगलं नाही. "पाणी पडू द्या." पाणी पडलं, दार जागच्या जागी. "आता थंडीत आकसते का पाहू."

हे पाहणं दर रविवारी. कपाटाची तब्येत विचारायची, मग स्टुलावर बसून सुनंदाच्या पोळ्या संपेपर्यंत चहा प्यायचा. कुहीकडचा धान कसा आहे, भाच्याने बैल विकून ट्रॅक्टर का घेतला, सगळं यथासांग. आणि आठवडाभर सुनंदा उलथन्याचं टोक फटीत घालून तिखट काढणार. आमच्या गल्लीत श्रावणजींनी केलेलं स्वयंपाकघर ओळखणं सोपं आहे. तिथे एक हँडल नसतं.

भादव्यात महालक्ष्म्या आल्या. जेवणाला काटोलची वहिनी, म्हणजे सुनंदाची थोरली जाऊ, येणार होती. ती घरात आली की पाणी पिण्याआधी कपाटं उघडते.

"जाऊबाईंसमोर मी उलथन्यानं तिखट काढू काय?" सुनंदा म्हणाली. "जा, घेऊन या त्याइले."

मी श्रावणजींच्या खोलीवर गेलो. एक खाट, खिळ्याला अडकवलेला खानावळीचा डबा आणि दोरीवर दोन सदरे. गावभर कपाटं करणाऱ्या माणसाच्या घरात साधी फळी नव्हती.

"श्रावणजी, स्वतःले एक कपाट नाही केलं?"

"कारभारीण गेली. आता त्यात ठेवू काय?" म्हणाले. मग लगेच, "रविवारी येतो नं. थंडी लागू द्या."

घरी येऊन हे मी मोठ्या रंगात करून दाखवलं, हातवाऱ्यांसकट. सुनंदा हसली नाही. पण जाऊबाई म्हणजे जाऊबाई. शनिवारी सुनंदाने बाजारातून हँडल आणलं आणि माझ्याकडून लावून घेतलं. जरा तिरपं लागलं, पण लागलं.

रविवारी सकाळीच वहिनी हजर. पाणी बाजूला ठेवून कपाटं सुरू. तेवढ्यात श्रावणजी आले, उकिडवे बसले, टकटक करायला बोट उचललं आणि थांबले. हँडलवरून एकदा अंगठा फिरवला.

"कोणं लावलं?"

"मी," मी म्हणालो.

"बरं लावलं." हे ते खोटं बोलले. उठून त्यांनी स्टूल भिंतीशी सरकवून ठेवलं. "चलतो, ताई. काम झालं आता."

"चहा टाकला आहे," सुनंदा म्हणाली.

"काम झाल्यावर कायचा चहा?" ते दारापर्यंत गेलेही. वहिनी मसाल्याचं कपाट उघडून आत डोकावत होती. सुनंदाने तिला हाताने बाजूला केलं, ड्रॉवरमधून स्क्रूचा पेचकस काढला आणि पोळीच्या पिठाच्या हाताने तो पुढे करत, जाऊबाईंच्या देखत म्हणाली,

"श्रावणजी, हे काढून न्या बरं. कूलर लागला की मग लावून द्या!"