POP ला सक्त मनाई

अवनीने आदल्या संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मोठ्या उत्साहाने लिहिलं, ‘उद्या क्लबहाउसमध्ये माझं POP ART. नक्की या.’ त्या कॅपिटल अक्षरांनीच घात केला. सकाळी तिची चित्रं आत होती, दाराला कुलूप होतं आणि किल्ली सचिव शरच्चंद्र आपट्यांच्या खिशात होती.

आपटे निवृत्त झाल्यापासून धायरीतली ही सोसायटी म्हणजेच त्यांचं ऑफिस. गेल्या गणपतीत कुणीतरी पीओपीची मूर्ती सोसायटीच्या हौदात विसर्जित केली. ती विरघळेना. शेवटी आपटे स्वतः हौदात उतरले, बाप्पाचा निखळलेला हात उचलून बाहेर आले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. तेव्हापासून प्लास्टर ऑफ पॅरिसचं नुसतं नाव काढलं तरी त्यांचं डोकं फिरायचं.

“काका, हे ते पीओपी नाही. पॉप. पॉप्युलरमधलं पॉप.”

“पॉप्युलर आहे म्हणूनच बंदी घालावी लागली.”

अवनीने पहिल्यापासून सांगायला घेतलं. ही कला इंग्लंडमध्ये सुरू झाली, अमेरिकेत गाजली. वॉरहॉलने सुपाचे डबे रंगवले, एकच चेहरा वेगवेगळ्या रंगांत ओळीने छापला, लिक्टेनस्टाइनने कॉमिक्समधले ठिपके भिंतीएवढे केले. रोज डोळ्यांसमोर असून कुणी बघत नाही, त्या वस्तूंना या लोकांनी चित्रात आणलं. आजच्या जाहिराती, टी-शर्ट, सगळ्यांवर त्याचीच छाप आहे. तिने स्वतः उदबत्तीचे पुडे आणि दंतमंजनाच्या डब्या रंगवल्या होत्या. आपट्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“डब्या कशाच्या केल्यात?”

“कॅनव्हासवर आहेत, काका. नुसता रंग.”

“मग नावात POP कशाला?”

कुलूप उघडून एकदा बघा तरी, असं ती काकुळतीला येऊन म्हणाली. कमिटीची मीटिंग रविवारी आहे, तेव्हा बघू, असं उत्तर मिळालं. इकडे शेवटच्या वर्षाच्या या प्रदर्शनाला गुण द्यायला कॉलेजने नेमलेल्या परीक्षक पूर्वा देव अकराला येणार होत्या. आज चित्रं दिसली नाहीत तर अवनी गैरहजर, म्हणजे शेवटचं वर्ष पाण्यात.

आपटे मात्र कामाला लागले. ‘या सोसायटीत POP ला सक्त मनाई आहे’ अशी सूचना आणि खाली त्यांचा स्वतःचा, पंधरा ऑगस्टच्या भाषणातला, बोट उगारलेला फोटो. झेरॉक्सवाल्याकडचा पांढरा कागद संपला होता, म्हणून गुलाबी, पिवळा, पोपटी, निळा, मिळेल तो घेतला. नंतर कुणी ‘दिसलं नाही’ म्हणायला नको, म्हणून क्लबहाउसची अख्खी भिंत ओळीने भरून टाकली. शेवटचा कागद चिकटत होता तोच फाटकाशी रिक्षा थांबली.

देवबाई सिंहगड रोडच्या ट्रॅफिकने आधीच वैतागल्या होत्या, आणि पुढे त्यांना हिंजवडीला पोहोचायचं होतं. तरातरा आल्या आणि भिंतीसमोर थबकल्या. अवनी काही सांगायला गेली, तर त्यांनी हातानेच गप्प केलं.

“एकच चेहरा, एकच वाक्य, झेरॉक्सचा स्वस्त कागद, फक्त रंग बदलतोय,” त्या हळूच म्हणाल्या. “आणि पॉप आर्टनेच पॉप आर्टवर घातलेली बंदी. तुला सुचलं कसं हे?”

‘सुचलं असंच’ एवढं म्हटलं की वर्ष वाचत होतं. अवनीने आपट्यांकडे पाहिलं. ते हातात डिंकाची बाटली धरून उभे होते.

“मला नाही सुचलं, मॅडम. हे आपटेकाकांचं आहे. माझी चित्रं आत आहेत, आणि आत जाता येत नाहीये.”

“हे... POP आहे?” आपट्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

“अस्सल,” देवबाई म्हणाल्या.

आपट्यांनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवरचे सगळे आपटे त्यांच्यावरच बोट उगारून होते. मग त्यांनी खिशात हात घालून किल्ली काढली.

“आधी आतलं बघा,” ते म्हणाले. “बाहेरचं माझं मी बघतो.”

अवनी पास झाली. पुड्या-डब्यांना बाईंनी “बरं आहे” म्हटलं, फोटो मात्र जाताना बाहेरच्या भिंतीचे काढले. संध्याकाळी आपटे खुर्ची घेऊन भिंतीपाशी आले, तेव्हा आता हे सगळं काढणार असं अवनीला वाटलं, आणि तिला थोडं वाईटही वाटलं. पण त्यांनी एकही कागद काढला नाही. खिशातून पेन काढून प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात सही केली, आणि मनाईच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं, ‘अपवाद : सचिव.’