बारा टायरचे नाना

आमच्या शेजारच्या सुपडूनानांच्या अंगणात, भिंतीला गुडघ्याएवढ्या उंचीवर एक आरसा ठोकलेला आहे. जुन्या ट्रकचा, बाजूचा, लांबुळका. नवीन माणसाला वाटतं घरात लहान लेकरं असतील. एकदा त्यांच्याकडे आलेले एक पाहुणे त्यात भांग पाडायला उकिडवे बसले होते. पण तो आरसा तोंड बघायचा नाही. रोज सकाळी नाना त्याच्यासमोर स्टूल टाकतात, आधी उजवा पाय उचलतात, मग डावा, आणि दोन्ही तळवे नीट न्याहाळतात. बोटांच्या बेचक्यासुद्धा सोडत नाहीत. मग लाकडी दांडा घेऊन बाहेर उभ्या असलेल्या ट्रककडे जातात आणि एकेक टायर ठोकून बघतात.

"मनी गाडीले बारा टायर शेतस," ते सांगतात. "दहा गाडीना, दोन मना."

नानांना साखरेचा आजार आहे. पंधरा वर्षं झाली. पायात खिळा घुसला तरी त्यांना कळत नाही, म्हणून हा आरसा. आणि हा माणूस स्वतःचा दहा चाकी ट्रक चालवतो. असोद्याहून केळी भरायची, धुळ्यावरून सुरत गाठायची आणि परत यायचं. मूळचे ते धुळ्याकडचे. सासरवाडीला आले आणि इथलेच झाले, बोली मात्र तिकडचीच राहिली. आवाज असा, की चालू इंजिनावरूनही ऐकू यावा. त्यामुळे मला त्यांच्याविषयी सगळं माहीत आहे. नाही तर मी चार माणसांत बोलायचं म्हटलं की पदर चावत बसणारी बाई. नानांशी वीस वर्षांत वीस वाक्यं बोलले नसेन.

त्यांचं ठरलेलं वाक्य आहे, "आधी काटा, मंग गाडी." माल भरला की ट्रक वजनकाट्यावर चढवतात ना, तसे नाना रोज स्वतःला काट्यावर चढवतात. केबिनमध्ये बसायचं, बोटाला टोचायचं, रक्ताचा थेंब छोट्या मशीनला द्यायचा. आकडा आला की खिडकीतून ओरडायचं, "एकशे चाळीस!" आमच्या गल्लीत कोणाच्या घरात काय शिजतंय हे कोणाला ठाऊक नसेल, पण नानांची साखर शेंबड्या पोराला ठाऊक.

इन्सुलिन सीटमागे, ओलं फडकं गुंडाळलेल्या मडक्यात. आमच्याकडचं ऊन म्हणजे काय सांगावं, पण ते मडकं नानांनी कधी कोरडं पडू दिलं नाही. धाब्यावर ताट समोर आल्याशिवाय सुई घेत नाहीत. "भाकर दिसनी का मंग सुई." कारण सुई घेतली आणि भाकर लांबली, तर साखर खाली येते, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते.

एकदा पारोळ्याच्या पुढे तसं झालं. आकडा बासष्ट. मागे गाडीभर केळी, पण सगळी हिरवी, कच्ची. एकही कामाचं नाही. नानांनी ट्रक रस्त्याच्या कडेला घेतला, डब्यातला गूळ खाल्ला आणि स्वस्थ बसले. सुरतेचा व्यापारी फोनवर तडतडत होता, माल पिकेल, माल पिकेल. नाना म्हणाले, "शेठ, केळी हिरवीच शेतस. पिकी ऱ्हायनू मी." पाव तासाने परत काटा केला, आकडा वर आला, तरी आणखी थोडं थांबले, मगच चावी फिरवली. हे आमच्या ह्यांनी मला सांगितलं तेव्हा मी तव्यावरची पोळी विसरले. मला स्वतःला समोरची जिलबी सोडवत नाही.

पूर्वी तो सकाळचा आकडा सुमनअक्कांसाठी असायचा. नानांची मंडळी. अक्का आतून ओरडायच्या, "ऐकलं, जा आता!" तीन वर्षांपूर्वी त्या गेल्या. तेराव्यानंतर पहिल्यांदा गाडी काढताना नानांनी सवयीने आकडा ओरडला, आणि घरातून काहीच आलं नाही. मी भिंतीअलीकडे भांडी घासत होते. माझ्या तोंडून "हं" निघालं. तेवढंच. मग धास्ती वाटली, उद्या कोणी विचारलं किती होता, तर? मी चौथी शिकलेली, आकडे येतात. कॅलेंडरवर दुधाच्या खाड्याशेजारी लिहून ठेवला. दुसऱ्या दिवशीही "हं" आणि आकडा, मग रोजच. ज्या दिवशी आकडा कमी आला आणि नाना गूळ खाऊन बसले, त्या दिवशी पुढे लिहिलं, "थांबले". हे मी कोणाला बोलले नाही.

यंदा नानांचं लायसन नवीन करायची वेळ आली. त्याला डॉक्टरची सही लागते. जळगावचे डॉक्टर म्हणाले, "इन्सुलिनवर आहात, जड गाडी चालवता. साखर कशी राहते ते लिहिलेलं आणा, मग बघू." नाना परत आले आणि ओट्यावर बसले. लिहिलेलं कुठून आणणार? दोन दिवस ट्रक जागेवर, दांडा कोपऱ्यात. गल्लीत आकडा नाही. ह्यांनी विचारलं तर म्हणाले, "गाडी उभी ऱ्हायनी तं मी घरमां काय करू?"

तिसऱ्या दिवशी मी तिन्ही वर्षांची कॅलेंडरं खिळ्यावरून काढली, गुंडाळी केली आणि ह्यांना म्हटलं, नानांना घ्या, डॉक्टरांकडे चला. नानांना बसस्टँडवर पोहोचेपर्यंत कळेना की त्या गुंडाळीत काय आहे. कळलं तेव्हा तोंड उघडं राहिलं.

डॉक्टरांनी पानं उलटली. दूध नाही, दूध नाही, एकशे पन्नास, गॅस आला, अडुसष्ट थांबले. "हे कोणी लिहिलं?" मी पदर चावला. ह्यांनी माझ्याकडे बोट केलं. डॉक्टर म्हणाले, "मशीन आहे का बरोबर?" नानांनी खिशातून काढून दिलं. त्यांनी एक बटण दाबत दाबत आकडे माझ्या कॅलेंडराशी ताडून पाहिले. गेल्या काही महिन्यांचे सगळे मशीनमध्ये होते, आणि सगळे जुळत होते.

"अहो नाना, हे मशीन आकडे साठवतं. मागच्या वेळी हेच का नाही आणलंत?"

"तुम्ही लिखेल मांगं व्हतं, साहेब."

डॉक्टर हसले. मग "थांबले" या शब्दावर त्यांनी बोट ठेवलं. मशीनमध्ये तो शब्द नव्हता. पाय तपासले, डोळे तपासले आणि सही केली.

परतीच्या बसमध्ये मला राहवलं नाही. "नाना, मशीन ध्यानात ठेवतं हे तुम्हाला माहीत होतं?"

"मशीन घिदं तवयपासून."

"मग रोज ओरडता कशाला?"

खिडकीबाहेर केळीचे मळे मागे पडत होते.

"मशीन बठ्ठा आकडा ध्यानमां ठेवस, वहिनी," ते म्हणाले. "पन 'हं' नही म्हनत."

लायसन हातात आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी स्टूल वाजलं, दांडा वाजला, इंजिन सुरू झालं. "एकशे बत्तीस!"

माझे हात राखेत. आकडा लिहायच्या घाईत मी हात धुवायला उठले, "हं" म्हणायचं राहिलं. पलीकडे इंजिन नुसतं धडधडत होतं. ट्रक हलेना. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं, तीन वर्षं गिअर माझ्या आवाजानंतरच पडत होता.

"हं!" मी म्हटलं. गल्लीला ऐकू जाईल एवढ्याने.

गिअर पडला.