मेसच्या घटनेचं नववं कलम

रास तनुऱ्याच्या आमच्या कॅम्पात चहात साखर किती घालायची, हा घटनात्मक प्रश्न होता. तो तसा करून ठेवला होता माझ्या रूममेटने, दाऊदभाईंनी.

दाऊदभाई रत्नागिरीकडचे. सौदीला येण्याआधी बारा वर्षं एका वकिलाकडे कारकून. इथे ते स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजत, पण जीव अडकलेला कोर्टात. आम्ही बारा मराठी माणसं, सहा खोल्या, एक मेस. तर या गृहस्थांनी मेसला चक्क राज्यघटना लिहून दिली! कमिटीचे अधिकार सात: बाजारहाट, स्वयंपाक, भांडी वगैरे. आणि त्यांचं लाडकं कलम नऊ: 'जे अधिकार कमिटीला दिलेले नाहीत ते खोल्यांकडे, आणि खोलीत एकमत नसेल तर माणसाकडे राहतील.'

झालं! सेक्रेटरी सावंत काही बोलायला उठले की दाऊदभाईंचा चष्मा कपाळावरून नाकावर. "लिहिलंय कुठे? दाखवा." सावंतांनी टीव्हीची वेळ ठरवली, तर टीव्ही यादीत नाही. चहा स्वयंपाकात मोडतो का, यावर सुट्टीचे दोन शुक्रवार गेले आणि सहा खोल्यांत सहा किटल्या आल्या. मी वैतागून म्हटलं, "दाऊदभाई, साखर तुम्हीच ठरवा."

"छे! मला अधिकारच नाही. तू तुझी घाल, मी माझी."

आता सांगा, एवढंच होतं तर दोन शुक्रवार कशाला? नुसता डोक्याला ताप!

मग इराकने कुवेत घेतलं, लढाई पेटली आणि आमच्याकडेही सायरन वाजू लागले. विषारी वायूची भीती. कॅम्पबॉसने मास्क आणले ते सहाच. "बाकीचे बुकरा," म्हणाला. बुकरा म्हणजे उद्या, पण त्याचा उद्या कुणीच पाहिलेला नव्हता.

सावंत म्हणाले, बारा चिठ्ठ्या टाकू. दाऊदभाई उठलेच. "मास्क यादीत आहे? लिहिलंय कुठे?" सगळे चिडले, पण वाद घालायचं त्राण कुणात होतं? खोलीमागे एक मास्क मिळाला. मी मनात चरफडलो. तीन आठवड्यांपूर्वी अलिबागला मला मुलगी झाली होती, तिचा फोटोही अजून आला नव्हता. चिठ्ठीत निदान नशीब तरी होतं. इथे समोर हा माणूस, वयाने मोठा आणि कलमं तोंडपाठ.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, मगरिबच्या नमाजाआधी सायरन वाजला. दाऊदभाईंनी दार लावलं, फटीत ओला टॉवेल कोंबला, मास्क उचलला आणि माझ्याच तोंडावर चढवून पट्टे करकचून आवळले. मी आतून ओरडलो, "चिठ्ठी टाकू!"

"गप रे मेल्या!"

स्वतः ओला पंचा नाकाला लावून ते खाटेवर बसले. चांगलेच घाबरले होते.

काही झालं नाही. सायरन थांबल्यावर मी मास्क काढला, तेव्हा मी रडत होतो. "दाऊदभाई, तुम्हालाही घरदार आहे."

"होतं. बायको गेली त्याला सहा वर्षं झाली. रजा काढून जाऊ कुणाकडे?" मग म्हणाले, "चिठ्ठीत तुझं नाव निघालं नसतं तर? मास्क खोलीत आला की बघून घेता येतं, म्हणून भांडलो."

"पण कलम नऊमधला तो 'माणूस' तुम्हीही होतात ना?"

त्यांनी चष्मा नाकावर आणला.

"लिहिलंय कुठे? दाखव."