चार सेंटिमीटर जादा

माझे वडील वजनमापे खात्यात वरिष्ठ तपासनीस होते. तीस वर्षं दुकानदारांच्या काट्यांवर आणि मापांवर वाकून त्यांची मान कमरेला भेटायला निघाली होती. डॉक्टर म्हणाले, मणक्यांमधल्या गाद्या दबल्यात. मणके एकमेकांपासून जरा लांब करावे लागतील.

उपचाराचं टेबल दोन तुकड्यांचं होतं. छातीला एक पट्टा, कमरेला दुसरा. यंत्र हळूच ओढायचं, थांबायचं, सोडायचं.

"दुखतंय का, काका?" उपचार करणाऱ्या बाईंनी विचारलं.

"दुखत नाही. ताण किती किलोचा लावलाय? आणि हा काटा शेवटचा कधी तपासून घेतलात?"

बाईंनी पट्टा आणखी एक भोक आवळला.

विसाव्या बैठकीनंतर दुखणं गेलं. बाबा आईच्या शेजारून ताठ चालू लागले.

"अगंबाई, लग्नात एवढे उंच होतात तुम्ही?"

"तेव्हा तू मान वर करून बघत नव्हतीस."

असे ते नऊ दिवस चालले. आई अजून ते बोटांवर मोजते.

दहाव्या दिवशी ते कामावर गेले. आजारपणाच्या रजेवरून परतलेल्याची उंची मोजायची, हा खात्याचा नियम. सेवापुस्तकातल्या शेवटच्या, पाठ वाकल्यानंतरच्या नोंदीत एकशे चौसष्ट सेंटिमीटर. भरली एकशे अडुसष्ट.

"पट्टी चुकत असेल, साहेब," कारकून आदबीनं म्हणाला.

"शक्य नाही! त्या पट्टीवर शिक्का मी स्वतः मारलाय."

तिथंच घात झाला. कारकुनानं जड मनानं नियमावली उघडली: नोंदीशी न जुळणारं माप वापरात ठेवू नये, जप्त करून, सील करून कोठीत ठेवावं.

"अरे, पण हे माणसाला कसं लागू होईल? काही सवलत?"

"सवलत मागणाऱ्या दुकानदारांना तुम्ही काय सांगायचात, साहेब?"

बाबांनी मनगट पुढे केलं. शिशाचं सील त्यांनीच नीट दाबून बसवलं. कारकुनाला ते कधीच जमायचं नाही.

कोठीत खोट्या तराजूंच्या रांगेत त्यांना एक स्टूल मिळालं. मी डबा घेऊन गेले, तर 'जप्त मालास खाद्य' असा रकानाच नसल्यानं डबा अर्धा तास अडला. शेवटी तो 'वंगण' या सदरात आत गेला.

उपसंचालकांनी दोन मार्ग सांगितले. "एक तर नोंद बदलू. समिती बसेल, सात-आठ वर्षं लागतील. तुमची निवृत्ती दीड वर्षावर. नाहीतर तुम्ही पूर्ववत व्हा."

"अहो, सोडा ती नोकरी," कोठीत भेटायला आलेली आई म्हणाली. "इतक्या वर्षांनी सरळ झालायत."

"आणि सदोष माप म्हणून घरी बसू? लोक काय म्हणतील?"

त्यांनी कोठीतल्या सगळ्या जप्त मालाची यादी नव्यानं करायला घेतली. माल जमिनीवर, यादी गुडघ्यावर. अकराव्या दिवशी ते एकशे चौसष्ट भरले. मान धरली होती, कंबर ठणकत होती आणि चेहरा कृतार्थ होता. उपसंचालकांनी सील तोडून 'स्वयंप्रेरणेने प्रमाणित' असं प्रशस्तिपत्र दिलं. सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबांकडे बघायला कुणालाही मान वर करावी लागली नाही.

वाचकहो, हसा खुशाल. नोंद तुमचीही कुठेतरी आहे. पण काळजी नसावी. आजवर तुम्हाला कुणी जप्त केलेलं नाही, त्या अर्थी तुम्ही बरोबर जुळताय.